नव्या ॲम्प्लिफायरआधी कान तयार हवा

आपल्या मुलांच्या हाती पेटी-तबल्याबरोबर आता गिटारही आली, याचा आम्हांला आनंदच आहे. पण आवाज मनासारखा निघाला नाही की नव्या ॲम्प्लिफायरचा हट्ट सुरू होतो आणि घरातला किंवा मंडळातला जुना, जड व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर भंगारात जातो. हे आम्हांला पटत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, जगप्रसिद्ध मार्शल ॲम्प्लिफायर अशाच खटपटीतून जन्मला. लंडनचे वाद्यविक्रेते जिम मार्शल यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ च्या सुमारास अमेरिकेच्या फेंडर बासमनचा आराखडा समोर ठेवून आपला ॲम्प्लिफायर बनवला. पुढे त्यात लहानसहान बदल होत गेले. पहिल्या व्हॉल्व्हच्या कॅथोडला त्या बासमनमध्ये २५० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असे; मार्शलने पुढे काही ठिकाणी ०.६८ चा लावला. त्यामुळे खर्जाची गर्दी कमी होऊन सूर धारदार झाला. सुटा भाग काही रुपयांचा, समज मात्र लाखमोलाची!

आपल्या भागाला हे नवे नाही. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतात, तेव्हा तार तीच असते. घोडीचा उतार किंचित घासून, तारेखालचा दोरा जरासा सरकवून ते उपस्वर जागे करतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच कसबामुळे. व्हॉल्व्हही ताण वाढला की ध्वनिलहरींचे शेंडे अलगद गोल करतो, सुरात उपस्वर मिसळतो आणि आवाज भरदार होतो. शिवाय व्हॉल्व्ह केवळ परदेशी चीज नव्हे. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून ते बनवले.

पालकांची भीती मात्र रास्त आहे. या ॲम्प्लिफायरमध्ये शेकडो व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. म्हणून मुलांनी एकट्याने झाकण कधीही उघडू नये. जाणकाराने साठलेली वीज रेझिस्टरमधून उतरवावी, मीटरने खात्री करावी, मगच हात घालावा. स्पीकर न जोडता ॲम्प्लिफायर चालू करू नये. ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि एका वेळी एकच बदल करावा, ऐकावे, वहीत लिहावे.

विश्वस्तांना आमची विनंती एवढीच : बेळगाव-निपाणीकडे व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केलेले वयस्क कारागीर अजून आहेत. त्यांना वर्षातून एकदा शाळेत सन्मानाने बोलवावे. त्यांनी उघडून दाखवावे, मुलांनी लांबून पाहावे आणि जवळून ऐकावे. विज्ञान व संगीत एकाच तासाला शिकवणारा असा धडा विकत मिळत नाही. ते हात थकण्याआधी हे व्हायला हवे.