निबंधाच्या वह्या तपासायच्या कोणी?

दरवर्षी शालान्त परीक्षेचा निकाल लागला की मराठी मुलांना चार ओळी शुद्ध लिहिता येत नाहीत, असा गळा काढण्याचा प्रघात आहे. गळा काढणाऱ्यांचा सारा रोख ऱ्हस्व-दीर्घावर आणि ‘न’-‘ण’वर असतो. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ लिहिणारा मुलगा त्यांना भाषेचा मारेकरी वाटतो. त्याच मुलाने गाईडातले ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त’ पाठ करून बिनचूक उतरवले की हे सद्‌गृहस्थ समाधान पावतात. त्या आत्मवृत्तातले एकही वाक्य मुलाचे नाही, याचे त्यांना सोयरसुतक नसते. लेखनाच्या शिक्षणाचा खरा प्रश्न नेमका तेथून सुरू होतो.

1855 साली ‘ज्ञानोदया’त एका शाळकरी मुलीचा निबंध छापला गेला. मुक्ता साळवे ही मातंग समाजातली, जेमतेम चौदा वर्षांची, जोतीराव व सावित्रीबाईंच्या पुण्यातील शाळेत शिकणारी विद्यार्थिनी. मांग-महारांचे दुःख हा तिचा विषय. वेदांवर ज्यांना अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, असे तिने विचारले आणि डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या स्त्रियांचे हाल लिहिले. तिच्यापुढे गाईड नव्हते. लिहिण्यासारखे दुःख होते आणि ते लिहू देणारी शाळा होती. त्या गोष्टीला एकशे सत्तर वर्षे होऊन गेली. आज ज्या मुलाचे आईबाप दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, तो ‘माझी दिवाळीची सुट्टी’ या विषयावर फराळ आणि किल्ला यांविषयी दहा ओळी लिहितो. ज्याच्या झोपडीत रात्रभर पाणी ठिबकते, तो पावसाळ्यावर लिहिताना थुईथुई नाचणारा मोर आणतो. कारण गुण मोराला आहेत, गळक्या छपराला नाहीत. आपले जगणे लिहिण्याच्या लायकीचे नाही, हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात न छापता शाळा श्रमिकाच्या मुलाला शिकवते.

याचा दोष शिक्षकाच्या माथी मारणे सोपे आहे आणि म्हणूनच ते सर्रास केले जाते. थोडे अंकगणित करावे. साठ-साठ मुलांच्या तीन तुकड्यांना मराठी शिकवणाऱ्या शिक्षकाकडे 180 वह्या येतात. निबंध वाचून समासात दोन प्रश्न लिहायला वहीमागे पाच मिनिटे धरली, तरी 900 मिनिटे होतात. म्हणजे पंधरा तास. एका निबंधासाठी लागणारे हे पंधरा तास शाळेच्या वेळापत्रकात कोठेच नसतात. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक स्तरावर तीस व उच्च प्राथमिक स्तरावर पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण घालून दिले. नववी-दहावीला तर त्या कायद्याचा आधारही नाही. जनगणना आणि निवडणुकीची कामे वेगळीच. मग तांबड्या शाईने बरोबरची एक खूण होते आणि वही परत जाते. वही तपासणे हे श्रम आहेत आणि त्या श्रमांची तरतूद अंदाजपत्रकात नाही, एवढाच याचा अर्थ. राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी, असे कोठारी आयोगाने 1966 साली सांगितले. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने तोच आकडा पुन्हा लिहिला. उतारा करण्याचा सराव सरकारलाही उत्तम आहे.

आता तर यंत्रच निबंध लिहून देते, मग मुलांना हा खटाटोप कशाला, असा नवा युक्तिवाद ऐकू येतो. वस्तुतः गाईड हेही तसलेच यंत्र होते. फक्त संथ होते. स्वतःची तक्रार स्वतःच्या शब्दांत मांडण्याचे सामर्थ्य कोणाकडे राहणार, हा खरा वाद आहे. माहितीच्या अधिकाराचा कायदा 2005 साली आला आणि महाराष्ट्राच्या 2012 च्या नियमदुरुस्तीने अर्ज एकाच विषयापुरता व सर्वसाधारणपणे 150 शब्दांचा असावा, अशी अट घातली. रेशन दुकानात धान्य किती आले आणि किती वाटले गेले, हे 150 शब्दांत नेमके विचारणे ही लेखनाची अस्सल परीक्षा. दहा वर्षे मराठी शिकलेला तरुण त्या परीक्षेपुढे अडखळतो आणि तहसील कचेरीबाहेर बसलेल्या टंकलेखकाला पैसे मोजतो. दहावीच्या अभ्यासक्रमात ‘उपयोजित लेखन’ आहे खरे. पण तेथेही ‘प्रति’, ‘विषय’ आणि ‘आपला विश्वासू’ जागच्या जागी बसवण्यावरच मुलांची सारी भिस्त.

याहून वेगळे घडू शकते. इटलीच्या डोंगराळ भागात बार्बियाना येथे लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूने, शाळेने नापास ठरवलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालवली. तेथील आठ मुलांनी मिळून एका शिक्षिकेला उद्देशून लिहिलेले पत्र 1967 साली पुस्तकरूपाने निघाले. मराठीतही ते ‘प्रिय बाई’ या नावाने आले आहे. त्यांची रीत अशी : प्रत्येकाने सुचेल ते चिठ्ठ्यांवर लिहायचे, चिठ्ठ्या जुळवून लावायच्या, पुनरुक्ती काढून टाकायची आणि मग एकेका शब्दावर सर्वांनी मिळून वाद घालायचा. याला कागदापलीकडे खर्च नाही. वेळ मात्र भरपूर लागतो.

शाळांकडून याची अपेक्षा करणाऱ्या पक्षाने आपल्या घरातही पाहावे. तालुक्याला मोर्चा निघतो तेव्हा निवेदन एक सुशिक्षित कार्यकर्ता आदल्या रात्री लिहितो. भूमिहीन मजूर त्याखाली सह्या करतात, अंगठे उमटवतात. त्यात त्यांचा शब्द क्वचितच असतो. अभ्यासशिबिरांत भाषणे तीन-तीन तास चालतात, शिबिरार्थीच्या हाती कोरा कागद कोणी देत नाही. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी प्रत्येक शाखेने शिक्षणाधिकाऱ्यांकडे मागणी न्यावी : वह्या तपासण्याचे तास कामाचे तास म्हणून वेळापत्रकात धरावेत आणि माध्यमिक वर्गांतही पस्तीसहून अधिक मुले कोंबू नयेत. या निवेदनाचा मसुदा जिल्हा कार्यालयाने लिहून पाठवू नये. गावातल्या पालकांना आणि मुलांना एकत्र बसवून, चिठ्ठ्या जुळवून, तो तेथेच तयार व्हावा. त्याला चार रात्री लागल्या तरी चालेल.