यंत्रांना म्हातारे करू नका

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयाच्या कलाप्रदर्शनात माझ्या एका छायाचित्राला पहिले बक्षीस मिळाले. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या जिनिंग-प्रेसिंगमधील यंत्रांची रांग, आणि सारे चित्र दाट तपकिरी. पाहणारे म्हणत, "वा! जुना काळ अगदी जिवंत केलास!" मीही फुगलो होतो. आज त्याच चित्राविरुद्ध लिहावयास बसलो आहे याचे काहींना नवल वाटेल.

झाले असे की, ते चित्र मी आमच्या गल्लीतील एका आजींना दाखवले. त्यांनी त्याच जिनिंगमध्ये वीसेक हंगाम यंत्रावर कापूस टाकण्याचे काम केले होते. चष्मा पुसून त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे कोन्या जमान्यातलं हाय बाप्पा? आमच्या मशिनी त काळ्याभोर होत्या, तेलानं चकचकीत. अन् वर सारी पांढरी रुई."

स्वतःची यंत्रे त्यांना ओळखू आली नाहीत!

यंत्रे जुनी आहेत हे खरेच. त्यांच्या बिडाच्या अंगावर ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचे नाव ओतीव अक्षरांत आहे. चामड्याचा रूळ, त्याला टेकलेले एक स्थिर पाते आणि ठोके देणारे दुसरे हलते पाते. रूळ तंतू ओढून नेतो, सरकी पात्याशी अडून खाली पडते. फोन्स मॅकार्थी या अमेरिकन माणसाने या रचनेचे पेटंट १८४० मध्ये घेतले. पण यंत्र जुने असणे वेगळे आणि ते जुन्या काळात जमा होणे वेगळे. २००० साली कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू झाले, नव्या धर्तीच्या जिनिंग उभ्या राहिल्या आणि त्यानंतर काही हंगामांतच आमची बंद झाली. तेथे राबलेल्या बायका अजून आठवडी बाजारात भेटतात. मी मात्र त्यांच्या कामाला पणजोबांच्या फोटोचा रंग फासला होता.

खरे तर गंधकाच्या टोनिंगचा मोठा गुण म्हणजे टिकाऊपणा. कागदावरील कृष्णधवल चित्र हे चांदीच्या सूक्ष्म कणांचे असते आणि हवेतील दूषित वायूंनी ते कण बिघडतात. त्यांचे आधीच सल्फाइड करून टाकले की चित्र अधिक टिकते. पोटॅशियम फेरिसायनाइड आणि पोटॅशियम ब्रोमाइडच्या द्रावणात प्रत फिकट होत होत जवळजवळ नाहीशी होते. मग धुऊन ती सोडियम सल्फाइडमध्ये टाकली की तपकिरी होऊन परत येते. ते पाहताना अजूनही अंगावर काटा येतो. वास मात्र कुजक्या अंड्यांचा! वसतिगृहाच्या न्हाणीघरात मी हा उद्योग केला तेव्हा दोन दिवस मला पंगतीत कोणी शेजारी बसू दिले नाही. (तो वायू विषारी असतो. माझ्यासारखा मूर्खपणा करू नये.)

आजींच्या बोलण्यानंतर तीच निगेटिव्ह पुन्हा छापली. आधी वाटले, तपकिरी थोडी कमी करावी. म्हणून पहिल्या द्रावणातून प्रत लवकर काढली. पण त्या द्रावणात उजळ भाग आधी उतरतात, गडद भाग मागे राहतात. त्यामुळे लोखंड काळे राहिले आणि तुळयांना चिकटलेली रुई तपकिरी झाली. नेमके उलटे! मग लोहक्षारांचे निळे टोनिंग केले, तर जिनिंगचे भुताटकीच्या सिनेमाचे पोस्टर झाले. शेवटी सेलेनियम घेतले. ते गडद भागांवर आधी काम करते: काळे खोल होते, पांढरे पांढरेच राहते. टिकाऊपणाही मिळतो. तेही विषारीच, तेव्हा हातमोजे हवेतच.

कोणी म्हणेल, गंज तर तपकिरीच असतो. असतो, आज त्या यंत्रांवर तेलाचा थेंब नाही हेही कबूल. पण टोनिंगचा तपकिरी गंजापुरता थांबत नाही. भिंत, रुई, खिडकीतून येणारे ऊन, साऱ्यांना तो गंज चढवतो.

आमचे एक सर म्हणाले, छायाचित्र म्हणजे पंचनामा नव्हे, कलावंताला रंगाचे स्वातंत्र्य आहे. मान्य. पण मी ते स्वातंत्र्य वापरले कुठे? जुने म्हणजे तपकिरी, या सवयीने मी हात चालवला होता. मोबाइलवर तर हा रंग एका बोटाने चढतो. जर्मनीच्या बर्न्ड आणि हिला बेखर या दांपत्याने १९५९ पासून झोतभट्ट्या, पाण्याचे मनोरे, खाणींवरचे लोखंडी सांगाडे टिपले: ढगाळ दिवशी, समोरून, सरळ, साध्या कृष्णधवलात. त्या चित्रांत कुठे उसासा नाही, म्हणूनच एकेका बोल्टकडे लक्ष जाते. त्यांत माणूस सहसा दिसत नाही ही माझी तक्रार आहे, पण ती पुन्हा केव्हा तरी.

सेलेनियमची प्रत आजींना नेऊन दिली. त्यांनी ती उजेडात धरली आणि खिडकीपासून तिसऱ्या यंत्रावर बोट ठेवले. "हे माहं." मग शेजारच्या यंत्रांवर कोण कोण असायचे ती नावे सांगू लागल्या. मी प्रतीच्या मागे पेन्सिलीने लिहून घेतली. सात यंत्रांची मिळाली, दोघींची त्यांना आठवेनात.

जिनिंगच्या आवारात आता भंगारवाल्याचा ट्रक येऊ लागला आहे. प्रेसचे खांब गेले, बॉयलर कापून झाला. यंत्रांची ती एक रांग उरली आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी आजींना घेऊन पुन्हा जाणार आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी आधी सांगावे. माझ्याकडे ट्रायपॉड एकच आहे.