कल्पित रुग्ण, खरी परिचर्या

अमेरिकेतील हार्टफर्डच्या इस्पितळात १९११ मध्ये ‘मिसेस चेस’ नावाची मानवाकृती बाहुली परिचारिकांच्या शिक्षणासाठी दाखल झाली, तेव्हा रुग्णाला उचलणे, कुशीवर वळवणे अशा कौशल्यांचा सराव तिच्यावर होई. आज परिचर्येच्या अभ्यासक्रमात कृत्रिम रुग्णप्रसंगांना रीतसर स्थान मिळत असता, बाहुलीहून असे प्रसंग रचणाऱ्या शिक्षिकेची प्रज्ञा अधिक महत्त्वाची आहे, अशी आमची धारणा असल्याने हा अंक आम्ही प्रसंगरचनेला वाहिला आहे.

प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचाच प्रसंग घ्या : नाडी आधी जलद होते, रक्तदाब मात्र बराच काळ टिकून राहतो, आणि गर्भाशय शिथिल आहे हे पोटावर हात ठेवल्यावाचून कळत नाही, हे संकेत कोणत्या क्रमाने प्रकट व्हावेत, ऑक्सिटोसिन देण्यास विलंब झाल्यास पुढे काय घडावे, डॉक्टरांना वर्दी कोणत्या शब्दांत जावी, याची तजवीज आधीच लिहून ठेवावी लागते. घाबरलेली सासू खाटेशी असावी की नसावी, हाही, आमच्या मते, गौण तपशील नव्हे. नंतरच्या चर्चेला तर प्रसंगाहून अधिक अवधी मिळावा, असा आमचा आग्रह आहे.

वाचक परिचारिकांनी व अध्यापकांनी स्वानुभवावरून रचलेले प्रसंग, रुग्णाची ओळख वगळून, आमच्याकडे अवश्य पाठवावेत. मतभेदांचेही आम्ही स्वागतच करू.