‘त्यांच्या घरात कोणाला काही... डोक्याचं?’

लग्न ठरवताना पत्रिका, पगार, फ्लॅट, हल्ली रक्तगटसुद्धा उघड विचारतात. एक प्रश्न मात्र आवाज खाली आणूनच येतो. तो वर शीर्षकात दिला आहे. तो ऐकला की मला जयवंत दळवींचा बॅरिस्टर आठवतो.

‘अंधाराच्या पारंब्या’ ही दळवींची कादंबरी. तिच्यावरून आलेलं ‘बॅरिस्टर’ हे नाटक विजया मेहतांचं दिग्दर्शन आणि विक्रम गोखल्यांचं काम यांमुळे अनेकांच्या लक्षात आहे. विलायतेत शिकलेला माणूस, घराण्यात वेडाचा इतिहास, आणि ते आपल्यालाही गाठणार ही सततची धास्ती. त्याच्या समोर एक तरुण विधवा, जिचं केशवपन व्हायलाच हवं असं भोवतालचे म्हणतात. तो विरोध करतो. शेवटी त्याचंच मन ढासळतं.

एका मुलीचं डोकं भादरणं हा तेव्हा शहाणपणा होता आणि त्याला नाही म्हणणारा चक्रम! समाजाचं ‘नॉर्मल’ असं बदलत जातं. पण यावरून काही तरुण वाचक एक उडी मारतात, की वेड वगैरे काही नसतं, वेगळ्या माणसाला लोक वेडा ठरवतात. ते मला मान्य नाही. कानात आवाज येणं, आठवडाभर झोप न येता सुसाट बोलत राहणं, जगणंच नकोसं होणं हा आजार आहे आणि त्याला औषध आहे.

आता त्या धास्तीबद्दल. स्किझोफ्रेनिया साधारण १०० तल्या एकाला होतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला तो असेल, तर मुलाला होण्याची शक्यता सुमारे १० टक्के. धोका वाढतो हे खरं, पण अशा १० पैकी ९ मुलांना तो होत नाही. बॅरिस्टरला हे सांगणारं कोणी भेटलं नाही.

धास्तीमुळे घरं आजार लपवतात, आणि याचा सर्वात वाईट परिणाम आत्महत्येच्या प्रयत्नानंतर दिसतो. ‘चुकून पोटात गेलं’ असं सांगितलं जातं, पोट साफ होतं, पेशंट घरी जातो. मनाची तपासणी होतच नाही. पुढचा प्रयत्न होण्याचा धोका तर पहिल्यानंतरच्या काही महिन्यांत सर्वात जास्त असतो. पोलीस केसची भीती हे एक कारण. पण मानसिक आरोग्य कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं, तिला शिक्षा नव्हे तर उपचार द्यायचे असतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं ३०९ कलम नाही. तेव्हा डॉक्टरांना खरं सांगा.

आणि घरात कोणी गप्प गप्प झालं असेल तर सरळ विचारा, ‘मरावंसं वाटतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं तर त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. रात्र असेल तर टेलिमानस, १४४१६. मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.