अतिमानवांचा सातबारा

अमेरिकेतील चित्रकथांच्या, म्हणजे कॉमिक्सच्या, व्यवसायात डीसी आणि मार्व्हल या दोन प्रमुख प्रतिस्पर्धी प्रकाशनसंस्था असून, एकीच्या मालकीचा सुपरहीरो दुसरीच्या सुपरहीरोला एकाच कथेत भेटला की त्या कथेला ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात. अशा भेटी छापील पानांवर क्वचितच घडतात. परंतु सुपरमॅन आणि स्पायडरमॅन, बॅटमॅन आणि कॅप्टन अमेरिका एकत्र आले तर काय होईल, याची कल्पना करण्याचा छंद वाचकांना पिढ्यान्‌पिढ्या जडलेला आहे, आणि हा छंद केवळ पोरकटच नव्हे तर वाङ्मयदृष्ट्या त्याज्य आहे, असे एक मत हल्ली मोठ्या गांभीर्याने मांडले जाते. ते मांडणाऱ्यांचा सूर असा असतो की जणू कोणी गाभाऱ्यात चपला घालून शिरले आहे.

पूर्वपक्ष थोडक्यात असा. प्रत्येक नायकाचे स्वतःचे एक विश्व असते, त्या विश्वाला त्याचे अंगभूत नियम असतात, आणि त्या नियमांतून उपटून नायकाला परक्या विश्वात रोवले की तो नायक उरत नाही, बाहुले उरते. शिवाय ‘कोण जिंकेल’ हा प्रश्न मधल्या सुट्टीतला आहे, अशा कथांमागे निव्वळ गल्ला असतो, आणि जे प्रकाशक होऊ देणार नाहीत त्याची स्वप्ने रंगवणे हा रिकामपणाचा उद्योग होय. चार आक्षेपांपैकी शेवटचे तीन आक्षेपकांनी तोंडी लावण्यापुरते वाढले आहेत. त्यांचे खरे जेवण पहिल्यावर चालते, म्हणून येथेही पंगत तिथेच मांडणे भाग आहे.

अंगभूत नियमांचे हे विश्व जन्मले कसे, याचा शोध आक्षेपक घेत नाहीत, कारण तो घेतला तर त्यांच्या हाती सृष्टीचा उगम लागत नाही, खरेदीखत लागते. सुपरमॅन 1938 साली ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात अवतरला, बॅटमॅन 1939 साली ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या सत्ताविसाव्या अंकात, दोघांच्या निर्मात्यांपैकी कोणाच्याही मनात हे दोघे एकाच आकाशाखाली राहतात असे नव्हते. सुपरहीरोंचा पहिला संघ म्हणून ज्याचा उल्लेख होतो तो ‘जस्टिस सोसायटी’ 1940 च्या हिवाळ्यात ‘ऑल स्टार कॉमिक्स’च्या तिसऱ्या अंकात जमला, आणि त्या अंकात आठ नायक एका मेजाभोवती जेवायला बसून आपापला पराक्रम सांगताना दिसतात. त्या आठांतले चौघे, म्हणजे फ्लॅश, ग्रीन लँटर्न, हॉकमॅन आणि ॲटम, ‘ऑल-अमेरिकन’ नावाच्या संस्थेचे होते, तर डॉक्टर फेट, सँडमॅन, स्पेक्टर आणि अवरमॅन हे चौघे ‘नॅशनल’ या संस्थेचे. या दोन संस्थांमध्ये आर्थिक सोयरीक होती हे खरे, पण त्या दोन होत्या. पुढे त्या एक झाल्या आणि त्यांच्यातूनच आजची डीसी उभी राहिली. म्हणजे ज्या विश्वाच्या पावित्र्यासाठी क्रॉसओव्हर निषिद्ध ठरवायचा, त्या विश्वातील पहिला संघच दोन घरची पात्रे एका पंगतीला बसवून घडलेला आहे. वंशावळ काढायला निघालेल्याने आपल्या आजोबांचे आडनाव आधी तपासून घेणे बरे असते.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. 1940 नंतर फॉसेट या प्रकाशनाचा कॅप्टन मार्व्हल, म्हणजे ‘शझाम’ असा शब्द उच्चारताच महाबली होणारा मुलगा, सुपरमॅनइतकाच लोकप्रिय झाला, तेव्हा सुपरमॅनच्या मालकांनी 1941 मध्ये नक्कल केल्याचा दावा ठोकला. वर्षानुवर्षे वकिलांनी दोघांच्या उड्या, ठोसे आणि अंगरखे शेजारी शेजारी लावून हे दोन नायक किती सारखे आहेत हे सिद्ध करण्याचा खटाटोप केला. 1951 मध्ये अपील न्यायालयाचा निकाल आला, 1953 मध्ये फॉसेटने तडजोड करून कॅप्टन मार्व्हलच्या कथा बंद केल्या. मग 1972 मध्ये त्याच सुपरमॅनच्या मालकांनी त्याच कॅप्टन मार्व्हलच्या कथा छापण्याचा परवाना घेतला, आणि ज्याला जगण्याचा अधिकार नाही असे न्यायालयात सांगितले गेले होते तो सुपरमॅनच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. मधल्या काळात, 1967 साली, मार्व्हलने ‘कॅप्टन मार्व्हल’ हे मोकळे पडलेले नाव आपल्या वेगळ्याच पात्राला देऊन टाकले होते, त्यामुळे मूळच्या कॅप्टन मार्व्हलला आपल्या नावावर अंक काढता येईना आणि मुखपृष्ठावर ‘शझाम’ हा मंत्रच छापावा लागला. येथे आक्षेपकांना एक साधा प्रश्न विचारता येतो: कॅप्टन मार्व्हल हा परक्या विश्वातला नायक नेमका कोणत्या दिवसापर्यंत होता? परवान्यावर सही होण्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत त्याचे सुपरमॅनशी भेटणे वाङ्मयाचा द्रोह होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते विश्वाचे अंगभूत सत्य झाले, असे मानायचे असेल तर साहित्यशास्त्र तलाठ्याच्या कचेरीत शिकवावे लागेल.

याच रीतीने 1956 मध्ये ‘क्वालिटी’ या प्रकाशनाचा व्यवसाय आटोपल्यावर प्लॅस्टिकमॅन, आणि 1983 मध्ये ‘चार्लटन’कडून ब्लू बीटल, कॅप्टन ॲटम आणि क्वेश्चन हे नायक डीसीच्या सातबाऱ्यावर चढले, चार्लटनच्या मंडळींना 1985 च्या ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ या मालिकेतून सामायिक विश्वात रीतसर प्रवेश मिळाला. फेरफाराची नोंद झाली की बांध सरकतो आणि सरकलेल्या बांधाला आक्षेपक निसर्गनियम म्हणतात. मार्व्हलचे घरही याच मातीचे आहे, कारण कार्ल बर्गोसचा अग्निपुरुष ह्यूमन टॉर्च आणि बिल एव्हरेटचा सागरपुत्र सब-मरिनर ही दोन वेगळ्या डोक्यांतून निघालेली पात्रे 1940 मध्ये एकमेकांशी झुंजली, आणि आज ज्याला मार्व्हलचे अखंड विश्व म्हणून हात जोडले जातात त्याचा पाया आग आणि पाण्याच्या त्या न सुटलेल्या भांडणात आहे.

जाता जाता एका जुन्या वादाची आठवण अपरिहार्य ठरते. मराठीत ‘इंद्रजाल कॉमिक्स’ घरोघर वाचली जात होती त्या काळात याच वृत्तीची मंडळी सांगत असत की चित्रकथा मुलांची वाचनाची सवय बिघडवतात, आणि परदेशी नायक आपल्या मुलांच्या मनात रुजणे शक्य नाही. ली फॉकच्या फँटमला मराठीत ‘वेताळ’ हे नाव मिळाले. विक्रमाच्या खांद्यावर बसून गोष्टी सांगणारा वेताळ आणि कवटीच्या गुहेत राहणारा हा वेताळ यांची गल्लत एकाही मुलाने केल्याचे कोणी दाखवून दिले नाही. वाचकाला दोन विश्वे एकाच वेळी डोक्यात बाळगता येत नाहीत ही भीती तेव्हाही वाचकांची नव्हती, शिकवणाऱ्यांची होती. असो.

पहिल्या आक्षेपाचे उरलेसुरले बळही मालकांनीच काढून घेतले आहे. ‘सुपरहीरो’ या अर्थाच्या शब्दावर अमेरिकेत डीसी आणि मार्व्हल या दोघींनी मिळून व्यापारचिन्ह म्हणून चार दशकांहून अधिक काळ संयुक्त हक्क सांगितला, आणि 2024 मध्ये एका आव्हानाला उत्तरच न दिल्यामुळे त्या नोंदी रद्द झाल्या. नायक एकमेकांना भेटले तर विश्वे भ्रष्ट होतात, पण मालक एकमेकांना भेटून भाषेतल्या एका शब्दाला कुंपण घालतात तेव्हा काहीच भ्रष्ट होत नाही, असा हा अर्धकुक्कुटी न्याय, म्हणजे कोंबडीचा अर्धा भाग शिजवायचा आणि अर्धा अंडी घालायला राखायचा, आक्षेपकांना पचतो कसा हे एक कोडेच आहे.

बाकीच्या आक्षेपांना फार जागा देण्याचे कारण नाही. गल्ल्याचा आक्षेप खरा आहे, पण दर महिन्याचा साधा अंकसुद्धा कोणी दानधर्म म्हणून छापत नाही. ‘कोण जिंकेल’ हा प्रश्न पोरकट आहे हे तर सरळ मान्य करावे, कारण त्याचे उत्तर द्यायला निघालेली 1996 ची ‘डीसी विरुद्ध मार्व्हल’ ही मालिका त्याच प्रश्नाने बुडवली. तिच्यातील अकरा झुंजींपैकी पाच वाचकांच्या मतदानाने ठरल्या. मार्व्हलच्या स्टॉर्मने डीसीच्या वंडर वूमनला हरवले ते कथेच्या गरजेने नव्हे, मतपत्रिकांच्या गठ्ठ्याने. मार्व्हलचा वुल्व्हरिन आणि डीसीचा लोबो यांची झुंज तर मद्यालयाच्या काउंटरमागे उरकली गेली, जिथून थोड्या वेळाने वुल्व्हरिन एकटाच वर येतो. विजय आधी ठरला आणि तो कसा मिळाला हे दाखवण्याची सोय नव्हती, तेव्हा काउंटर मदतीला आला. परंतु वाईट कीर्तन झाले म्हणून कीर्तनसंस्था मोडीत काढत नाहीत.

प्रकाशक होऊ देणार नाहीत त्याची स्वप्ने कशाला, या चौथ्या आक्षेपाचे उत्तर अमेरिकेतील व्हर्माँट राज्यातल्या रटलंड या छोट्या गावात सापडते. तिथे हॅलोविनच्या, म्हणजे भुताखेतांचे सोंग घेण्याच्या, रात्री सुपरहीरोंच्या वेषातील मिरवणूक निघत असे. 1972 मध्ये स्टीव्ह एंगलहार्ट, गेरी कॉनवे आणि लेन वीन या तीन लेखकांनी कोणाचीही परवानगी न मागता आपापल्या अंकांत, मार्व्हलच्या ‘ॲमेझिंग ॲडव्हेंचर्स’ व ‘थॉर’मध्ये आणि डीसीच्या ‘जस्टिस लीग ऑफ अमेरिका’मध्ये, त्याच गावातली तीच रात्र रंगवली आणि स्वतःलाही तिच्यात पात्रे म्हणून फिरवले. एका कंपनीच्या नायकाने दुसरीच्या नायकाचे नाव घेतले नाही. तिन्ही अंक शेजारी ठेवणाऱ्या वाचकाला मात्र एकच रात्र दिसली. म्हणजे क्रॉसओव्हर करारात येण्याआधी कल्पनेत आला, आणि तो कल्पिणारे वाचक जितके होते तितकेच लेखकही होते. पुढे चार वर्षांनी दोन्ही संस्थांनी मिळून पहिली अधिकृत भेट काढली तेव्हा ती लिहायला याच तिघांतला कॉनवे बसला.

मंडनाचा भाग येथून सुरू होतो आणि तो खंडनाइतका लांब नाही. क्रॉसओव्हर ही स्पर्धा नसून समीक्षा आहे. एका विश्वाचे गृहीत दुसऱ्या विश्वाच्या डोळ्यांनी पाहण्याची ती रीत आहे. महाराष्ट्रातील शाहिरांच्या कलगी-तुऱ्यात कलगीवाले शक्तीची आणि तुरेवाले शिवाची बाजू घेऊन रात्रभर सवाल-जवाब करत, आणि समोर प्रतिपक्षाचा फड नसता तर दोन्ही पक्षांना आपापले म्हणणे इतक्या बारकाईने सुचलेच नसते; तसेच काहीसे येथे घडते. 1976 च्या ‘सुपरमॅन विरुद्ध स्पायडरमॅन’मध्ये, नेहमीचा अंक पंचवीस सेंटला मिळत असता दोन डॉलरला विकल्या गेलेल्या त्या मोठ्या आकाराच्या अंकात, एक प्रसंग असा आहे: संतापलेला सुपरमॅन ठोसा उगारतो, त्या ठोशाने समोरचा मरेल हे ऐन क्षणी ध्यानात येऊन हात आवरतो, आणि मूठ न लागताही केवळ तिच्या वाऱ्याने स्पायडरमॅन दूर फेकला जातो. सुपरमॅनचे सामर्थ्य त्याच्या घरच्या कथांत शेकडो वेळा दाखवलेले असले तरी आपल्या बळाची त्याला स्वतःलाच किती धास्ती असावी लागते, हे परक्या विश्वातला हाडामासाचा तरुण समोर आल्यावरच इतके स्पष्ट होते. त्याच अंकात क्लार्क केंट या नावाने वावरणाऱ्या सुपरमॅनचा वरिष्ठ मॉर्गन एज आणि पीटर पार्कर या नावाने वावरणाऱ्या स्पायडरमॅनचा खडूस संपादक जे. जोना जेम्सन मद्याचे पेले समोर ठेवून आपापल्या कामचुकार माणसांविषयी एकमेकांपाशी कुरकुरतात. आकाशातल्या मारामारीपेक्षा हा प्रसंग अधिक खरा वाटतो, कारण दोन्ही नायक मुळात वर्तमानपत्री जगातले नोकरदार आहेत हे नाते तोवर कोणी एका चौकटीत पकडलेले नव्हते.

लेखक कर्ट ब्यूसिक आणि चित्रकार जॉर्ज पेरेझ यांची ‘जेएलए/ॲव्हेंजर्स’ ही, डीसी आणि मार्व्हलच्या नायकसंघांची भेट घडवणारी, चार अंकांची मालिका 2003 मध्ये सुरू झाली, खरे तर वीस वर्षे उशिरा, कारण 1983 मध्येच पेरेझने अशाच भेटीची वीसेक पाने रेखाटली होती आणि दोन्ही संपादकीय बाजूंच्या रुसव्याफुगव्यांत ती अडकून पडली. या मालिकेत फ्लॅश मार्व्हलच्या पृथ्वीवर पोहोचतो तो एका म्यूटंट मुलामागे, म्हणजे जन्मतः वेगळी शक्ती असलेल्या मुलामागे, लागलेला जमाव पाहतो; सुपरमॅनला ते जग इतके दुःखी दिसते की तिथले नायक कामात कसूर करत असावेत असे त्याला वाटू लागते. उलट कॅप्टन अमेरिका डीसीच्या पृथ्वीवर येतो आणि नायकांच्या नावाची स्मारके पाहून, हे रक्षक आहेत की पूजा करवून घेणारे सत्ताधीश, असा संशय घेतो. दोघांचेही आरोप अन्यायाचे आहेत आणि दोघांच्याही आरोपांत तथ्य आहे. एकाच विश्वात राहून हे दोन आरोप सुचणे कठीण होते, एवढेच मंडन पुरे.

राहता राहिली आक्षेपकांची समजूत. त्यांच्या सिद्धांतावर बेतलेला एक नायक 1996 च्या त्याच मतदानी मालिकेत निर्माण झालेला आहे. त्याचे नाव ॲक्सेस. दोन्ही विश्वे एकमेकांत मिसळू न देता वेगळी राखणे हेच त्याचे जन्मकार्य आहे. मालकी मात्र दोन्ही संस्थांची सामायिक असल्यामुळे एकीला दुसरीच्या संमतीवाचून त्याला वापरता येत नाही, आणि दोन छोट्या मालिकांनंतर तो फारसा कुठे दिसलेला नाही.