आमची मुले प्रयोगशाळेत का नाहीत?

नीटचा निकाल लागला की आमच्या मालेगावात बॅनर लागतात. मुलाचा फोटो, मार्क, खाली शुभेच्छुकांचे पंचवीस चेहरे. मग हॉल, सत्कार, शाल, बिर्याणी. मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो, दोन्ही भाषा बोलतो, म्हणून सूत्रसंचालन माझ्याच गळ्यात पडते. आजवर कितीतरी भावी डॉक्टरांचे कौतुक मी माइकवरून केले आहे आणि त्याचा मला आनंदच आहे. पण कुणी मुलगा प्रयोगशाळेत दोन महिने काम करून आला म्हणून त्याला हार घातल्याचे मला एकदाही आठवत नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. करत होती. वडील यंत्रमागावर, छातीत कायमची घरघर. सुताच्या धुळीने फुप्फुसात नेमके काय होते, हे तिला समजून घ्यायचे होते. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात, हे तिने स्वतःच शोधून काढले. दोन महिने एखाद्या नामांकित संस्थेत शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम, विद्यावेतन, रेल्वेचे भाडेही. अर्जासोबत शिक्षकाचे शिफारसपत्र लागते. ती पत्र मागायला गेली तेव्हा प्राध्यापक म्हणाले, "हे आपल्या कॉलेजच्या मुलांसाठी नसतं." ती दोन-तीनदा गेली, तोवर मुदत संपली. मग मला फोन, "सर, आप लिख देते तो चलता क्या?" शाळेतल्या मास्तरचे पत्र तिथे कसे चालणार! त्याहून लाजिरवाणी गोष्ट ही, की अशी फेलोशिप असते हे मला तिच्याकडूनच कळले. ती फेलोशिप शिक्षकांसाठीही आहे, हे तर आणखी नंतर कळले.

'आमच्यासाठी नसतं' हे वाक्य मला फार लागले, कारण ते बाहेरचेच लोक बोलतात असे नाही. आपणही घरात तेच बोलतो. एमबीबीएस झाले नाही तर बी-फार्म, नाहीतर डी.एड. बी.एस्सी. म्हणजे तर नापास झाल्यासारखेच. बारावीला बोर्डात वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञानाला जाणाऱ्या मुलांसाठी केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे. वर्षाला ८० हजार, त्यातले २० हजार खास उन्हाळी प्रकल्पासाठी. किती आईबापांना हे माहीत आहे? आणि एमबीबीएसला लागलेल्या मुलांचे तरी काय? आयसीएमआर १९७९ पासून एमबीबीएस-बीडीएसच्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या संशोधनासाठी विद्यावेतन देते. सत्कार झालेल्या मुलांना मी हल्ली याबद्दल विचारतो. बहुतेक जण माझ्याकडे बघत राहतात.

सरकारला मी सोडत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये मौलाना आझाद फेलोशिप बंद झाल्याचे लोकसभेत सांगितले गेले. ती पीएच.डी. करणाऱ्या अल्पसंख्याक मुलामुलींचा मोठा आधार होती. इतर योजनांशी ती जुळते हे कारण दिले गेले. ज्या घरात पहिल्यांदाच कुणी पीएच.डी.पर्यंत पोचतो, तिथे असल्या कारणाचे काय करायचे? केव्हीपीवायची शिष्यवृत्तीही त्याच वर्षी इन्स्पायरमध्ये विलीन झाली. याविरुद्ध बोललेच पाहिजे. पण वर सांगितलेली उन्हाळ्याची दारे जात-धर्म विचारत नाहीत, आणि तिथे आपली रांगही दिसत नाही. त्याचा दोष दिल्लीवर कसा टाकू?

कोविडनंतर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने 'मालेगाव मॅजिक' नावाचा अभ्यास हाती घेतला. इतक्या दाटीच्या गावाने साथीला तोंड कसे दिले, हा प्रश्न. अभ्यास झालाच पाहिजे. पण बातमी वाचताना मनात आले, अभ्यासाचा विषय म्हणून आपण नेहमीच हजर असतो. आपली दाटी, आपला टीबी, आपली यंत्रमागाची धूळ. प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाजूला आपण कधी बसणार?

"आपल्यात ती परंपराच नाही" असे म्हणणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. मुंबईत प्लेग आला तेव्हा तिसऱ्या आगाखानांनी लोकांची भीती जावी म्हणून सगळ्यांसमोर लस टोचून घेतली, आणि हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी आपली खुशरू लॉज ही वास्तू दिली. दुसरे ओबैद सिद्दीकी. अलीगढमध्ये शिकलेले, डॉक्टर नव्हेत, वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी. होमी भाभांनी बोलावले म्हणून १९६२ मध्ये त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला, पुढे बंगळुरूचे एनसीबीएस. फळमाशीला वास आणि चव कशी कळते, यावर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. आमच्या मोहल्ल्यात हे सांगितले तर लोक हसतील. माशीच्या नाकाचा अभ्यास!

"सर, गरिबाच्या मुलाला दोन महिने परगावी कसे परवडेल?" हा प्रश्न मात्र खरा आहे. विद्यावेतन आधी हातात पडत नाही. खोलीचे डिपॉझिट, सुरुवातीची खानावळ, घरी बुडणारी मुलाची कमाई. पण हे पैसे आपल्याकडे नाहीत असे मला कुणी सांगू नये. बॅनरचा खर्च मी पाहिला आहे, हॉलचे बिल माझ्यासमोर फाडले गेले आहे.

यंदाही सत्कार समितीचा निरोप आला. मी म्हटले, येतो, पण बिर्याणीऐवजी एका मुलीचे दोन महिन्यांचे भाडे भरा आणि तिला शिफारसपत्र देईल असा एक प्राध्यापक शोधून द्या. "विचार करून सांगतो, सर," म्हणाले. अजून फोन आलेला नाही.