छोट्या कार्डाची मोठी चढाओढ

ग्राफिक्स कार्डांच्या बाजारात एनव्हिडिया आणि एएमडी यांची चढाओढ जुनीच आहे. वेगवान कार्ड म्हणजे लांबलचक आकार व भरमसाट वीज, हे समीकरण एएमडीने सप्टेंबर २०१५ मध्ये 'रेडिऑन आर ९ नॅनो' आणून मोडले. मेमरीच्या चिप एकावर एक रचून प्रोसेसरलगत बसवल्याने कार्डाची लांबी अवघी सहा इंच राहिली; विजेची मर्यादा होती १७५ वॅट. मात्र ६४९ डॉलर ही किंमत एनव्हिडियाच्या अधिक वेगवान 'जीटीएक्स ९८० टीआय'इतकीच होती. अखेर जानेवारी २०१६ मध्ये ती ४९९ डॉलरवर आणावी लागली. बाजारात तेव्हा प्रमुख स्पर्धक दोनच होते. त्यांतील एक दुबळा झाला, तर दुसऱ्याला किंमत उतरवण्याचे कारणच उरत नाही. ही चढाओढ टिकण्यातच ग्राहकाचे हित आहे, ते यामुळे.